वहिनीचा हात, मालकाचं ठिगळ

डोलकाठ्यांच्या कारखान्यात ती खरी वहिनी एकाच बाईची होती, पण ती हाक सगळ्यांनाच आवडली आणि सगळ्यांनीच उचलली. साठीला टेकलेला भट्टीवाला तिला वहिनी म्हणायचा, गेटवरचा वॉचमन म्हणायचा. मॅनेजर काम अडलं की ‘वहिनी’ म्हणायचा, काम झालं की ‘ओ बाई’. खरी नणंद तिच्याच टेबलाला, तिच्या बरोबर समोर उभी राहायची, आणि ती तेवढी गळ्याशी आल्याशिवाय हाक मारायची नाही. त्याला कारण होतं.

पण आधी काम सांगायला हवं, कारण हे काम फार थोड्यांनी पाहिलंय आणि त्यावर भाषणं मात्र फार जणांनी ठोकलीत. माल नेणारी अवाढव्य जहाजं आता पुन्हा वाऱ्यावर चालवायची, तेल वाचवायचं, धूर कमी करायचा, असं मोठ्या लोकांनी ठरवलं. ज्यांच्या आजोबांनी जहाजांवरची शिडं उतरवली, त्यांनीच शिडं चढवायचा शोध लावला आणि त्याबद्दल एकमेकांचे सत्कारही करून घेतले. बरं, शीड आलं म्हणजे डोलकाठी आली. एवढी उंच लाकडाची मिळत नाही, लोखंडाची केली तर जहाजच वाकायचं. म्हणून कार्बनची.

कार्बन म्हणजे दिसायला काळं कापड. त्यात चिकट राळ आधीच भरलेली असते, म्हणून ते मोठ्या फ्रीजमध्ये ठेवतात, आणि एकमेकांना चिकटू नये म्हणून प्रत्येक तुकड्यावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. बाया त्याला ‘साल’ म्हणतात. कापड साच्यावर अंथरायचं, रोलर दाबून फिरवायचा, साल ओढून काढायची, मग वरचा थर. असे थरावर थर. शेवटी सगळ्याला प्लॅस्टिकची लांबलचक पिशवी चढवायची, पंपाने आतली हवा ओढून घ्यायची आणि भट्टीत घालायचं. बाहेर येते ती दगडासारखी डोलकाठी. दगडाला घाम फुटेल, तिला फुटत नाही.

पण मधे कुठं साल राहिली, तर ते दोन थर कधीच जुळत नाहीत. एका घरात राहून वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या नवरा-बायकोसारखे राहतात. चारचौघांत झकपक, आतून अबोला. आणि जोराचा वारा सुटला की मग जे काय ते सगळ्या जगासमोर होतं.

हॉल लांबच लांब. वाऱ्याच्या धंद्यात वाऱ्यालाच प्रवेश बंद; खिडक्या सील केलेल्या, कारण बाहेरची धूळ कापडावर बसते. आत गारवा असायचा, तोही कापडासाठी. पलीकडच्या घासकामाच्या खोलीत, जिथे भट्टीतून आलेल्या डोलकाठ्या घासायच्या, कापड नसायचं, नुसती माणसं असायची. म्हणून तिथला धूळ ओढणारा पंखा दोन मॅनेजर बदलले तरी बंदच होता.

या हॉलची वहिनी राणी होती. आणि खोटं कशाला बोला, हात होताच तसा. तिने कापड अंथरलं की त्यावर सुरकुती पडायला घाबरायची. पण हातापेक्षा तोंड मोठं. “माझ्या हाताला चूक माहीत नाही,” हे ती नव्या बाईला पहिल्या दिवशी सांगायची, जुनीला रोज, आणि कोणी नसलं तर रोलरला.

आता नणंदेचं कारण. ती कामाला लागली त्याच महिन्यात एका नमुन्याच्या फळीत तिच्या हातून साल राहिली. फळी करवतीवर घेतली तर पुस्तकासारखी उघडली. नमुनाच तो, समुद्रावर जायचा नव्हता. बाजूला घेऊन सांगितलं असतं तर भागलं असतं. पण बाजूला घेऊन सांगणं हा आजार वहिनीला कधीच झाला नाही. तिने फळी डोक्यावर धरली आणि अख्ख्या हॉलला ओरडून दाखवली, “बघा गं बघा, आमच्या घरचं नाव काढलं!”

त्या दिवसापासून नणंद ‘सालबाई’ झाली. लग्न मोडून भावाच्या घरी परत आलेली बाई ती, नावं तिला आधीच कमी नव्हती. हे आणखी एक.

मग वहिनीने नियम केला. प्रत्येकीच्या मागे भिंतीवर एक खिळा. काढलेली साल आपल्या खिळ्यावर टांगायची. सुट्टीच्या आधी समोरचीने ती मोजायची आणि थरांशी ताळा घ्यायचा. आपली साल आपण मोजायची नाही, कारण आपलं ते सगळ्यांनाच पूर्ण भरतं. नियम झकास होता. त्यातून सूट फक्त एकीला होती. नणंदेने पहिल्या दिवशी वहिनीच्या साली मोजल्या, बरोबर निघाल्या. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खिळ्याशी गेली.

“काय गं?” वहिनी म्हणाली.

“मोजते.”

“काल मोजल्यास ना? माझ्या हाताची रोज रोज परीक्षा नाही. तू तुझ्या हाताचं बघ, सालबाई.”

संपला नियम. म्हणजे बाकीच्यांचा चालू राहिला.

असं सगळं चाललं असताना मालकाला कामगार आठवले. मालकाला कामगार आठवायचे ते फक्त कॅमेऱ्याची तारीख मिळाली की. जाहिरातीची फिल्म काढायची होती, आणि मॅनेजरने त्यांच्या कानात घातलं होतं की आमच्याकडे एक बाई आहे, तिच्या हाताला चूक माहीत नाही. मालकाला ते वाक्य आवडलं. फिल्मचं नावही तेच ठरलं. अर्ध्याच्या वर तयार झालेल्या डोलकाठीवर मालक स्वतः एक ठिगळ लावणार, असंही ठरलं.

ठिगळ म्हणजे बुडाशी, जिथे शिडाचा सगळा भार येऊन बसतो, तिथे जास्तीचे छोटे तुकडे लावतात ते. हातभर लांबीचं काम. पण डोलकाठीचा जीव त्यात. फिल्मवाल्याला जागा दाखवली तेव्हा तो म्हणाला, “इथे उजेड छान पडतो.” म्हणून तीच जागा.

फिल्मवाल्याच्या गळ्यात दोन चष्मे लोंबत होते, आणि एकातूनही त्याला खिळे कळले नाहीत. “भिंतीवर ही फडकी कसली?”

“काढा, काढा,” मॅनेजर म्हणाला. खिळे उपटले. भिंतीला रंग लागला.

“मग साली कुठं टांगायच्या?” नणंदेने विचारलं.

“एक दिवस नाही टांगल्या तर काय जहाज बुडणारे?”

त्यात खरेदीखात्याने आधीच एक पराक्रम करून ठेवला होता. पूर्वी साल पिवळीजर्द असायची, दाराशी उभं राहून दिसायची. खात्याने स्वस्तातलं कापड आणलं, त्याची साल काचेसारखी. असली काय, नसली काय, उजेड बरोबर पडला तर चकाकी तेवढी दिसायची. बायांनी तक्रार केली तेव्हा उत्तर आलं, ‘लक्ष देऊन काम करावे.’ असं उत्तर देणाऱ्याने आयुष्यात स्वतःच्या चहात साखर ढवळलेली नसते.

एरवी कपात चहा कमी आला तरी हॉल डोक्यावर घेणारी वहिनी त्या दिवशी गप्प होती. खिळे गेले, गप्प. नणंदेला ‘फ्रेममध्ये एकच चेहरा पुरे’ म्हणून कॅमेऱ्याच्या मागे हाकललं, तरी गप्प. कारण सकाळी फिल्मवाला तिला म्हणाला होता, “तुमचा चेहरा काय गोड येतो हो कॅमेऱ्यात!” तिच्या चेहऱ्याला आजवर कडक म्हणाले होते, तिरसट म्हणाले होते, सासू तर कुलूप म्हणायची. गोड कोणी म्हटलं नव्हतं.

मालक आले. पांढरे हातमोजे. त्यांच्यामागे पाहुणे, आणि ज्या जहाजावर ही डोलकाठी चढायची त्या जहाजाची चार माणसं. त्यांतला जहाजाचा आचारी तेवढा डोलकाठीकडे नीट बघत होता. गोल अंगाचा, भुवया जळालेला माणूस. त्याने काळ्या बुडावर थाप मारली आणि वहिनीला हळूच विचारलं, “बाई, माझं स्वयंपाकघर नेमकं हिच्या बुडाशी आहे. वर बघत कांदा चिरायची वेळ नाही ना येणार?”

“खाली बघून चिरा,” वहिनी म्हणाली. “बोट कापेल नाहीतर. माझा हात लागलाय हिला.”

आचारी हसला. त्याला तेवढं पुरलं.

मग मालकांनी ठिगळ उचललं, ठेवलं, रोलर फिरवला. इस्त्री कधी हातात न धरलेला माणूस इस्त्री फिरवतो तसा. “असं?”

“अस्संच, साहेब.”

टाळ्या. “वहिनी, इकडे बघा! हनुवटी वर! हात साहेबांच्या शेजारी, हां, छान!” वहिनीने हनुवटी वर केली. हनुवटी वर गेली की डोळे खालचं बघत नाहीत, हा शरीराचा नियम आहे; पुढाऱ्यांना जसा लागू तसाच तिलाही. टाळ्या थांबल्या, मालक हातमोजे काढून निघाले, आणि वहिनीने वरचा थर अंथरला. एक सुरकुती नाही. उत्तम काम.

पुढच्या दिवसांत उरलेले थर चढले, पिशवी चढली, पंप सुरू झाला. भट्टीचा मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा. आणि त्याच दुपारी मॅनेजरने सगळ्या टेबलाला बाहेरच्या स्वागतकक्षात बोलावलं. तिथं भिंतीएवढ्या टीव्हीवर फिल्म फिरत होती. संपली की पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या खेपेला वहिनीने स्वतःचा चेहरा पाहिला. खरंच गोड होता. दुसऱ्या खेपेलाही चेहराच. तिसऱ्या खेपेला, चेहऱ्याचं पोट भरल्यावर, तिने हात पाहिला.

मालक ठिगळ ठेवतात. रोलर. टाळ्या. ठिगळ दिव्यांखाली आरशासारखं चकाकतंय. राळ अशी चकाकत नाही. राळ मंद असते, ओल्या पाटीसारखी. आणि तिचा तो सोन्याचा हात मालकांच्या शेजारी नुसता ठेवलाय, शोकेसमध्ये ठेवावा तसा. मग त्या चकाकीवर काळा थर येतो.

“वहिनी,” कोणीतरी कानाशी म्हणालं. नणंद होती. पहिल्या महिन्यानंतर ती पहिल्यांदा आपण होऊन बोलत होती. “साल कधी काढलीत?”

“काढली. कॅमेऱ्यात नाही आली.”

“असं? टाळ्या आल्या, हनुवटी आली. साल तेवढी लाजली वाटतं.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

घरी सासू दारातच उभी होती. तिने शेजारच्या तीन घरांत आधीच सांगून टाकलं होतं. “आली बाई टीव्हीवाली! मी म्हटलं त्यांना, आमच्या सुनेच्या हाताची फिल्म निघालीय. तोंडाची काढली असती तर दोन भाग लागले असते.”

वहिनीने उत्तर दिलं नाही. सासूला ते चमत्कारिक वाटलं. सून उत्तर देत नाही म्हणजे एकतर ताप, नाहीतर पाप.

स्वयंपाकघरात फळ्यांवर, डब्यांच्या झाकणांवर, जुन्या रेडिओवर पिवळ्या साली अंथरलेल्या होत्या. कारखान्यातल्या सगळ्याच बायांच्या घरांत असायच्या. फुकटचं चांगलं प्लॅस्टिक कोण टाकतं? ती तिथंच खाली बसली. नवरा हात धूत होता. तो फरशा बसवायचा. बोटांच्या पेरांत सिमेंट कायमचं राहायला आलेलं. नणंद आपल्या खोलीत गेली आणि दार मात्र उघडं ठेवलं.

“अहो,” वहिनी म्हणाली, “तुमच्या हातून कधी पोकळ फरशी बसलीय?”

“एकदाच. आपल्याच न्हाणीघरात.”

“ती दाराजवळची? ती तर तुम्ही कितीदा बदलतो म्हणालात!”

“बदलतो ना. घरचं काम म्हणून कोणी ठोकून बघितलं नाही. मीही नाही. आता पाय पडला की खटकन बोलते.” त्याने हात पुसले. “ओली असते तोवर नुसती उचलता येते गं. सिमेंट वाळलं की फोडावीच लागते. का?”

तिने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “तुझं सिमेंट कधी वाळतंय?”

“उद्या सकाळी.”

सासू सगळं ऐकत होती. “मी म्हणते, कुणाला कळणारे?”

वहिनीच्या मनातही तेच घोळत होतं. कुणाला कळणारे? फक्त आतल्या खोलीतल्या एका बाईला. आणि तिचं कोण ऐकतंय? सालबाईने साल राहिली म्हटलं तर हॉल हसून लोळेल. तिचं कोणी ऐकू नये याची व्यवस्था तर वहिनीने स्वतःच करून ठेवली होती, पक्की, भट्टीतून काढलेली. एरवी तिला या कारागिरीचाही अभिमान वाटला असता. पण डोळ्यांपुढे सारख्या त्या जळालेल्या भुवया येत होत्या, आणि खाली बघून कांदा चिरणारा माणूस.

सकाळी ती सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली.

“साहेब, भट्टी थांबवा. ठिगळात साल राहिलीय.”

“कोणाच्या हातून?”

“माझ्या.”

मॅनेजर मोकळेपणाने हसला. “वहिनी! तुमच्या हाताला चूक माहीत नाही, हे कोण म्हणालं?”

“मीच म्हणाले. बढाई होती.”

“हा नम्रपणाच पाहुण्यांना भावला बघा.”

“नम्रपणा मला कधी झालाच नाही साहेब. घरी विचारा. खरंच राहिलीय. बुडाच्या ठिगळात, साहेबांनी लावलं त्यात.”

मॅनेजरच्या चेहऱ्यावरची वीज गेली. त्याने उठून दार लावलं. “साहेबांनी लावलेल्या ठिगळात?”

“लावलं त्यांनी बरोबर. साल मी काढायची होती. फिल्ममध्ये दिसतंय.”

“फिल्ममध्ये हात साहेबांचा आहे. म्हणजे चूक झाली असेल तर ती साहेबांची. आणि साहेब चुकत नाहीत. म्हणजे चूक झालेली नाही.” त्याने हात झटकले. एवढं शुद्ध गणित त्याने शाळेतसुद्धा केलं नसेल.

“चूक माझी आहे हो!” वहिनी ओरडली. दुनियेत लोक चूक नाही म्हणून भांडतात. ही बाई चूक पदरात पाडून घ्यायला भांडत होती. “भट्टीनंतर तपासणीत निघालंच तर?”

“तपासणीवाल्यालाही नोकरी प्यारी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी. जा. थकलात तुम्ही. चहा घ्या.”

ती हॉलमध्ये आली. डोलकाठी चाकांच्या गाड्यावर, पिशवीत गुंडाळलेली, भट्टीच्या तोंडाशी उभी. पंप घरघरतोय. भट्टीवाला दाराच्या कड्या काढत होता.

“थांबवा. आत साल आहे.”

“कुणाची?”

“माझी.”

भट्टीवाल्याने तिच्याकडे पाहिलं आणि गालातल्या गालात हसला. “तू आणि चुकणार? काय पाहिजे तुला, पगारवाढ? मॅनेजरचा कागद आण, थांबवतो.”

टेबलावरच्या बायाही हसल्या. वहिनीचा काहीतरी नवा डाव असणार.

“खरं बोलतेय ती,” नणंद मागून म्हणाली. “मी बघितलंय.”

“घ्या! सालबाईला सगळीकडे सालच दिसते!”

हॉल खदखदून हसला. हे हसू वहिनीच्या घरचंच होतं. तिनेच पाळलेलं, तिनेच खाऊ घातलेलं. पण आजवर ते तिच्या बाजूला उभं राहून दुसऱ्यावर भुंकायचं. समोरून ते कसं दिसतं, हे तिने आज पाहिलं. तिने नणंदेकडे बघितलं. नणंद हसत नव्हती, रडतही नव्हती. सवयीने खाली बघत होती.

वहिनीने एप्रनच्या खिशातून कापड कापायची वाकड्या पात्याची सुरी काढली, चार पावलं टाकली, आणि बुडापासून हातभर पिशवी चिरली.

फुस्स!

एवढ्या मोठ्या वाऱ्याच्या कंपनीतून त्या वर्षी निघालेला हा पहिला खरा वारा. पंप गळा काढून बोंबलू लागला, दाबाचा काटा धाडकन खाली आला, भोंगा वाजला. फाटक्या पिशवीची डोलकाठी भट्टीत घालता येत नाही. हे मालकालासुद्धा समजतं. भट्टीवाल्याने कड्या पुन्हा लावल्या.

“धर गं,” वहिनी नणंदेला म्हणाली. “वन्सं, धरा.”

नणंद वयाने लहान. वन्सं म्हणायची गरज नव्हती. पण म्हटलं, आणि नणंदेने चिरलेली कड धरली.

कच्चे असले तरी दाबलेले थर सहज निघत नाहीत. दोघींनी नखं लावली, पाचर घातली, शिव्या घातल्या. पण ठिगळाच्या वर आल्यावर थर असा सुटून आला, जणू कधी बसलाच नव्हता. बसलाच नव्हता. खाली काचेसारखी साल, तिच्यावर रोलरचे वेडेवाकडे पट्टे. मालकांनी इस्त्री फिरवली होती ना.

वहिनीने ती साल टोकाला धरून ओढली, डोक्यावर उंच धरली, आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडली, “बघा गं बघा, आमच्या घरचं नाव काढलं!”

कोणी हसलं नाही. नंतर एक हसली. ती नणंद. तिला हसू आवरेचना. भिंतीला टेकून, पोट धरून, कित्येक वर्षांचं हसत होती. वहिनी तिच्यासमोर साल धरून उभी राहिली, पार तिचं हसून होईपर्यंत.

मॅनेजर धावत आला. पिशवी कोणी फाडली? मी. कोणाच्या परवानगीने? हिच्या, म्हणून वहिनीने साल दाखवली. त्याने ती हिसकायला हात पुढे केला आणि राळ त्याच्या बोटांना लागली. राळ हुद्दा बघत नाही.

आता वहिनीला काढायचं कसं? फिल्म बाहेर फिरत होती, पाहुण्यांना पाठवून झाली होती. कंपनीचा चेहराच कामावरून काढला तर कंपनीने तोंड कुठं दाखवायचं? पण चेहरा काढता आला नाही तरी त्यावर मास्क चढवता येतो. मॅनेजरने तिला घासकामाच्या खोलीत टाकलं. बंद पंख्याखाली. ‘विश्रांतीसाठी बदली’ असं फळ्यावर लिहिलं.

ती गेली. चूक आपली होती, शिक्षा भोगायची. दोन दिवसांत ती कोळशाच्या खाणीतून आल्यासारखी घरी यायला लागली, खोकायला लागली. सासूने कुलूप म्हणणं सोडून तवा म्हणायला सुरुवात केली, आणि शेक द्यायलाही.

तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये नव्या थरांसाठी फ्रीजमधून कापड बाहेर काढलं. हे कापड एकदा बाहेर आलं की वाट बघत नाही. राळ हळूहळू धरते, मग सगळा गठ्ठा कचऱ्यात. बाया टेबलाशी उभ्या राहिल्या. हात मागे.

“काय झालं?” मॅनेजर.

“खिळे नाहीत,” नणंद म्हणाली. “साल टांगायला खिळे नाहीत, तर साल काढता येत नाही. साल काढता येत नाही, तर थर लावता येत नाही.”

“लावतो खिळे!”

“आणि वहिनी.”

“तिने पिशवी फाडली!”

“फाडली. ती आमच्या घरचं नाक आहे साहेब. कापायचं झालं तर आम्ही कापू, चांगलं मुळापासून. तुम्ही नाही.” ती टेबलावरच्या कापडाकडे बघत म्हणाली, “गरम होतंय हो हे. आणि घासकामातला पंखाही लावा. आता बोलतेच आहे तर.”

मॅनेजरने कापडाकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं, घाम पुसला. जेवणाच्या सुट्टीच्या आत भिंतीत खिळे होते आणि टेबलाशी वहिनी होती. पंख्याला आठवडा लागला. तो फिरला तेव्हा त्यातून इतकी जुनी धूळ पडली, की घासकामवाले म्हणाले, बंद होता तेच बरं होतं. पण हसत म्हणाले.

फिल्ममधून ठिगळाचा तुकडा कापला गेला. आता त्यात मालक रोलर उचलतात आणि लगेच वहिनीची हनुवटी येते. रोलर कशावर फिरला हे देवाला ठाऊक.

नवे थर, नवी पिशवी, भट्टी. डोलकाठी बाहेर आली. तपासणीवाल्याने तिला ठोकून, ऐकून, यंत्र फिरवून पास केलं. जहाजावर रवाना व्हायच्या दिवशी मालक पुन्हा आले, फिल्मवाला पुन्हा आला. आणि जहाजाचा आचारी आला, सुट्टी टाकून. शेजारच्या टेबलावर पुढची डोलकाठी अर्धी तयार होती.

मालकांची नजर भिंतीवर गेली. पहिल्या, जास्तीच्या खिळ्यावर एकच साल होती, काचेसारखी, रोलरच्या पट्ट्यांची. “ही एकटीच का?”

मॅनेजरचा जीव टांगणीला, शेजारच्या खिळ्यावर.

“आठवण आहे साहेब,” नणंद म्हणाली. “तुमच्या हाताची.”

मालक गहिवरले. “माझी?” त्यांनी फिल्मवाल्याला बोलावलं, सालीच्या शेजारी उभे राहिले, फोटो काढून घेतला. तो फोटो स्वागतकक्षात लागला. आजही आहे, जाऊन बघा. त्यात एकटे मालकच हसताहेत, बाकीच्यांनी ओठ चावलेत.

फोटो झाल्यावर मालकांना हुरूप आला. “या डोलकाठीलाही एक ठिगळ लावूया!” त्यांनी हातमोजे चढवले, ठिगळ ठेवलं, रोलर फिरवला. टाळ्या सुरू झाल्या.

“वहिनी, हनुवटी वर!” फिल्मवाला ओरडला.

वहिनीने मालकांचं मनगट पकडलं. कॅमेरा चालू होता. आचारी बघत होता.

“साहेब,” ती म्हणाली, “आधी साल.”

“काय?”

“तिथं, कोपऱ्यात. नखाने उचला. नाही येत? हातमोजा काढा. हां. आता ओढा. हळू... ओढा म्हटलं ना!”

साल सुटली. मालकांच्या बोटांना राळ लागली, आणि ती पुसायला त्यांना कोणी फडकं दिलं नाही. ते साल हातात धरून इकडेतिकडे बघत उभे राहिले. नणंदेने वहिनीच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी जाऊन टांगली.

मग नणंद वहिनीच्या खिळ्याशी गेली आणि मोठ्याने, एकेक साल बोटाने उलटत, मोजायला लागली. मधेच थांबली. वळून बघितलं.

“वहिनी, चुकलं माझं. परत पहिल्यापासून मोजते हं.”

“मोज बाई,” वहिनी म्हणाली. “सावकाश मोज.”